बंपर घासला: पुसायचं, रंगवायचं की तसंच सोडायचं?

आधी लक्षणं बघा. यातलं तुमचं कुठलं?

पांढऱ्या गाडीवर काळा, पिवळा नाहीतर निळा पट्टा, आणि बोट फिरवलं की तो उंच लागतो. उन्हात तिरकं बघितलं तरच दिसणारे बारीक चरे. नख अडकेल एवढा खोल चरा, तळाशी राखाडी नाहीतर काळं काहीतरी. रंगाचा टवका उडालाय आणि शेजारचा पापुद्रा नखानं उचकटतोय. रंग शाबूत, पण पोचा आत गेलाय. खालच्या कडेला चीर. आणि शेवटचं, जे बहुतेक जण बघतच नाहीत: बंपर आणि मडगार्डमधली फट एका बाजूला जास्त, कोपरा किंचित लोंबतोय.

पहिली दोन लक्षणं असतील तर शंभर-दोनशे रुपयांच्या वर खर्च करू नका. शेवटचं असेल तर रंगाचं राहू दे, आधी आत बघा. मधल्या सगळ्यांसाठी पुढचं वाचा.

मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहतो. आमच्या बोळातून गाडी जाते आणि दोन्हीकडं मिळून हातभर जागा उरते. वळणावर शेजारच्या वाड्याची काळ्या दगडाची पायरी बाहेर आलीय. ती माझ्या जन्माच्या आधीपासून तिथं आहे, त्यामुळं तक्रार करायची सोय नाही. माझ्या गाडीचा पुढचा डावा कोपरा तिला किती वेळा लागला, ते मोजायचं मी सोडून दिलं. पहिल्यांदा लागला तेव्हा जीव कळवळला आणि अख्खा बंपर रंगवून आणला. एकविसाव्या दिवशी पुन्हा तीच पायरी, तोच कोपरा. मग मात्र स्वतः शिकलो. उद्यमनगरात लेथवर काम करतो, हातात कला थोडीफार आहेच. आता गल्लीतले लोक रविवारी सकाळी गाडी दारात आणून लावतात आणि म्हणतात, "जरा बघ की."

हात लावायच्या आधी

दोन फोटो काढा, एक लांबून नंबर प्लेटसकट, एक जवळून. विमा मागायचा की नाही ते नंतर ठरवू. पण मागायचा असेल तर दुरुस्तीआधी कंपनीला कळवावं लागतं आणि तिला नुकसान बघू द्यावं लागतं. पुसून, घासून, रंगवून झाल्यावर मागितला तर दाखवायला काही उरत नाही.

आणि एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. बंपर प्लास्टिकचा आहे, गंजत नाही. दारावरचा किंवा मडगार्डवरचा टवका पावसाळ्यापूर्वी झाकावाच लागतो, कारण खाली पत्रा आहे. बंपरला ती घाई नाही. आज ठरवा नाहीतर दिवाळीनंतर ठरवा, नुकसान तेवढंच राहतं. गॅरेजवाला "लवकर करून घ्या, वाढेल" म्हणाला तर काय वाढेल ते विचारा. फक्त चरा बंपरवरून पुढं मडगार्डच्या पत्र्यावर गेलाय का, तेवढं नीट बघा. गेला असेल तर पत्र्यावरचा भाग त्याच आठवड्यात झाका.

पहिली तपासणी: धुवा (फुकट)

बादलीभर पाणी, शाम्पू, मऊ फडकं. धुतल्याशिवाय नुकसान किती ते कळतच नाही, आणि धूळ असताना पुसलं तर तीच धूळ नवे चरे पाडते. धुऊन झाल्यावर ओल्या बंपरकडं बघा. पाणी असताना चरा गायब होतो आणि वाळल्यावर परत दिसतो? मग तो वरच्या पारदर्शक थरातच आहे. त्या थराला कुणी लॅकर म्हणतं, कुणी क्लिअर. पाणी चऱ्यात भरतं, उजेड सरळ जातो, म्हणून तो दिसत नाही. असा चरा घासून जातो. ओला असतानाही ठळक दिसला तर तो रंगापर्यंत पोचलाय.

मग नख फिरवा, चऱ्याला आडवं. अडकलं नाही तर पॉलिशचं काम. अडकलं तर पॉलिशनं फक्त कडा गुळगुळीत होतील, चरा राहील. वरचा थर साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे वहीच्या कागदाच्या जाडीच्या निम्मा. एवढ्यावर किती घासणार?

दुसरी: आत बघा (हेही फुकट)

ही तपासणी लोक गाळतात आणि नंतर पस्तावतात. बंपरचं प्लास्टिक लवचिक असतं. धक्का बसला की आत जातं आणि परत बाहेर येतं. त्याच्या मागच्या वस्तू परत येत नाहीत. मागं ऊर्जा शोषणारा फोम, त्यामागं आडवी पट्टी, कडेला क्लिपा आणि ब्रॅकेट, आणि पुढच्या बाजूला एसीचा कंडेन्सर व रेडिएटर. वरून फक्त चरा दिसतो, पण आत हेडलाइटचा कान तुटलेला असू शकतो.

दोन्ही कोपरे तळहातानं सारख्या जोरानं दाबा. एक बाजू घट्ट आणि दुसरी पोकळ, लटपटती लागली तर आत काहीतरी सुटलंय. नुसती क्लिप निघाली असेल तर दाबल्यावर टक आवाज येऊन ती बसते. तुटली असेल तर नवी दहा-वीस रुपयांना मिळते, जुनी दाखवून घ्या. फट वाढण्याचं कारण बऱ्याचदा मडगार्डजवळचा प्लास्टिकचा ब्रॅकेट असतो. तो काही शेकड्यात येतो, आणि तो बदलला की बंपर जाग्यावर बसतो. बंपरच वाकडा झालाय असं वाटून नवा घेणारे मी पाहिलेत.

मग बॉनेट उघडून टॉर्च मारा. हिरवा नाहीतर गुलाबी ओलसरपणा, कंडेन्सरच्या दबलेल्या पात्या, वाकलेला हॉर्न. रात्री गाडी भिंतीसमोर उभी करून दिवे लावा. एक उजेड वर आणि एक खाली पडला तर हेडलाइट हललाय. यातलं काही सापडलं तर रंगाचा विषय बंद, गाडी मेकॅनिककडं.

पावसाळ्यात आणखी एक. २०१९ च्या पुरानंतर तर अशा कितीतरी गाड्या बघितल्या. रस्त्यावर आलेल्या पाण्यातून जोरात गाडी घातली की पाण्याचा रेटा बंपरची खालची कड ओढतो. वर एक ओरखडा नसतो, पण खालचं कव्हर लोंबत असतं. खाली वाकून बघायला काही लागत नाही.

तिसरी: हा रंग तुमचा आहे की दुसऱ्याचा?

गळिताच्या हंगामात बंपरवर दिसणारे निम्मे ओरखडे हे ओरखडे नसतातच. गेल्या हंगामात गल्लीतले एक काका गाडी घेऊन आले. ऊस भरलेल्या ट्रॉलीला लागून मागच्या बंपरवर हातभर लांब निळा पट्टा ओढला होता. एका ठिकाणी त्यांना नव्या बंपरचा आकडा सांगितलेला, चेहरा उतरलेला. मी बोट फिरवलं. पट्टा उंच लागला. म्हणजे काकांचा रंग निघाला नव्हता, ट्रॉलीचा रंग वर येऊन बसला होता.

सुती बनियनचा तुकडा, त्यावर चमचाभर टर्पेंटाइन. पट्ट्याच्या टोकापासून, जोर न देता. फडकं निळं होत गेलं. घडी बदलत राहायची, नाहीतर निघालेला रंग परत फासला जातो. पंधरा मिनिटांत पट्टा गेला. खाली बोटभर लांबीचे दोन खरे चरे उरले, ते चार पावलांवरून दिसत नव्हते. काकांनी तीनदा बोट फिरवून बघितलं, मग विचारलं, "आणि तो आकडा कशाचा रे?"

थिनर मात्र वापरू नका. कारखान्यातला रंग थोडा वेळ तग धरतो, पण बाहेर रंगवलेल्या बंपरवर थिनर लावला तर तुमचाच रंग फडक्यावर येतो. पेट्रोलही नको, तो धोका कशाला? टर्पेंटाइननं पुसल्यावर शाम्पूनं धुवायचं, तेलकटपणा राहू द्यायचा नाही.

चौथी: कंपाउंड

उरलेल्या बारीक चऱ्यांना रबिंग कंपाउंडची छोटी डबी पुरते, एक डबी वर्षभर जाते. सावलीत, बंपर गार असताना. उन्हात कंपाउंड वाळतं आणि नवे पट्टे उठतात. हातानंच करा. मशीन भाड्यानं आणून कोपऱ्यावर चालवू नका, कारण कडेवर रंग सगळ्यात पातळ असतो आणि बफिंगच्या चकतीला तो थर उडवायला क्षणभर पुरतो. टूथपेस्टही अशीच बारीक घासणारी असते, अगदी फिकट चऱ्यावर चालते. पण ती दाताला ठेवा.

बंपरचा खालचा काळा, खरखरीत, रंग न दिलेला भाग असतो, त्यावर कंपाउंड अजिबात लावू नये. खाचांमध्ये पांढरं बसतं आणि ते जाता जात नाही.

पाचवी: पोचा आणि उकळतं पाणी

बंपर बहुतेक वेळा पॉलिप्रॉपिलीनचा, म्हणजे पीपी नावाच्या प्लास्टिकचा असतो. आतल्या बाजूला छाप असते, पीपी, ईपीडीएम आणि टी २० अशी काहीतरी. टी २० म्हणजे त्यात २० टक्के शंखजिऱ्याची पूड मिसळलीय. हे प्लास्टिक तापलं की मऊ पडतं आणि मूळ आकाराकडं जातं. म्हणून पोचा गोल, उथळ असेल तर किटलीभर उकळतं पाणी हळूहळू ओता, मागून हात घालून ढकला, बाहेर आला की लगेच गार पाणी. हातमोजे घाला. चाकावरच्या अस्तराचे एक-दोन स्क्रू काढले की हात आत जातो.

कड असलेला, दुमडलेला पोचा यानं पूर्ण जात नाही. तिथला रंग आधीच चांदणीसारखा तडकलेला असतो आणि ढकलताना सुटतो. हीट गन वापरायचा मोह आवरा. भाच्यानं वापरली होती. पोचा निघाला, रंगाला बुडबुडे आले. पत्र्याच्या पोच्याला तर पाण्याचा उपयोगच नाही.

सहावी: टचअप

राखाडी किंवा काळं दिसतंय, पण जागा करंगळीच्या नखाएवढी, तर टचअप, म्हणजे छोट्या बाटलीतला रंग तेवढ्याच जागी भरायचा. रंगाचा कोड गाडीवरच्या स्टिकरवर असतो, दाराच्या खांबावर नाहीतर बॉनेटखाली. "पांढरा द्या" म्हणून आणू नका. पांढऱ्यातही कितीतरी प्रकार आहेत. आणि कोड बरोबर असला तरी तुमची गाडी उन्हात उतरलीय, म्हणून आधी दिसणार नाही अशा कडेवर ठिपका लावून बघा.

उचकटलेले पापुद्रे काढून टाका, २००० नंबरच्या वॉटर पेपरनं पाण्यात भिजवून कडा मऊ करा, वाळवा. उघडं प्लास्टिक दिसत असेल तर आधी प्लास्टिकचा प्रायमर. तो नसला तर रंग वॉशिंग सेंटरच्या पहिल्या प्रेशरला निघतो. बाटलीबरोबर येणारा ब्रश फेकून द्या. टूथपिकच्या टोकावर थेंब घ्यायचा आणि चऱ्यात सोडायचा, ओढायचा नाही. तो स्वतः पसरतो. अर्धा तास थांबायचं, दुसरा थेंब. तीन-चार पातळ थर, शेवटी क्लिअर. थोडा उंच राहिला की थांबा, दोन दिवसांनी वॉटर पेपरनं सपाट करून कंपाउंड मारा. एका बैठकीत जाड थर दिला तर वर साय धरते आणि आत रंग ओलाच राहतो.

साध्या पांढऱ्या-लाल रंगावर हे छान जमतं. चंदेरीवर नाही. त्यातले चमकणारे कण फवाऱ्यात एका दिशेनं बसतात, थेंबात कसेही, त्यामुळं ठिपका गडद दिसतो. चंदेरी किंवा मोतिया गाडी असेल तर ठिपका दिसणार हे धरून चला, किंवा करूच नका. आणि स्प्रेचा डबा आणून अख्खा कोपरा फवारू नका. पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा येतो, आणि पेंटरला आधी तुमचं काम घासून काढायला लागतं. त्याचे पैसे वेगळे.

चीर

चिरेवर गोंद, मळून लावायचं इपॉक्सी, यातलं काही धरत नाही. पीपी म्हणजे तुपाचं भांडं, त्याला काही चिकटत नाही. आठवडाभर धरल्यासारखं वाटतं, पहिल्या स्पीडब्रेकरला सुटतं. यावर इलाज प्लास्टिक वेल्डिंग: त्याच जातीची कांडी वितळवून मागून भरायची, वर तापवलेल्या पिना रुतवायच्या. अनुभवी माणसाचं काम आहे. तुम्ही एवढंच करा: चिरेच्या टोकाला ३ मिलिमीटरचं भोक पाडा. टोकावर ताण एकवटतो म्हणून चीर पुढं पळते. भोकात तो गोलाईवर वाटला जातो आणि ती थांबते. खालच्या, न दिसणाऱ्या कडेला असेल तर तेवढ्यावर वर्षानुवर्षं चालतं. बंपर ज्या भोकांवर अडकतो तीच फाटली असतील तर दुरुस्तीत पैसे घालू नका, बंपर बदला.

रंगवायचाच असेल तर

पेंटरला तीनच गोष्टी विचारा. बंपर काढून रंगवणार की जाग्यावर कागद चिकटवून? काढूनच हवा, नाहीतर कडेला रंगाची रेघ राहते आणि तिथून पापुद्रा सुटायला लागतो. प्लास्टिक प्रायमर मारणार का? लांबी (खड्डे भरायची पुट्टी) प्लास्टिकची लवचिक वापरणार की पत्र्याची? पत्र्याची लांबी बंपर वाकला की तडकते. ही उत्तरं जो न चिडता देतो त्याच्याकडं गाडी द्या.

जुलै-ऑगस्टमध्ये उघड्या शेडमध्ये रंगवू नका. दमट हवेत रंग पांढुरका पडतो. बंद बूथ असेल तर गोष्ट वेगळी, तिथं साधारण ६० अंशांवर भाजतात. आणि नवा रंग बॉडीशी तंतोतंत जुळला नाही म्हणून भांडायला जाऊ नका. कारखान्यातही बंपर बॉडीबरोबर रंगत नाही. पत्र्याच्या भट्टीचं तापमान प्लास्टिकला सोसत नाही, म्हणून तो वेगळा, कमी तापमानावर रंगवतात. नव्या गाड्यांतही थोडा फरक दिसतो.

विमा मागावा का?

कागद-पेन घ्या. साध्या पॉलिसीत प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा (वापरामुळं उतरलेली किंमत) कापतात, गाडी नवी असली तरी. रंगकामात घसारा फक्त रंगसामानावर: बिल एकत्र असेल तर सामान २५ टक्के धरतात आणि त्याचे निम्मे कापतात. वर सक्तीची वजावट, म्हणजे क्लेममधली तुम्हीच सोसायची रक्कम: १५०० सीसीपर्यंत १,००० रुपये, त्यापुढं २,०००.

समजा बंपर ४,००० आणि रंग ४,०००. बंपरचे मिळाले २,०००, रंगाचे ३,५००, वजावट १,०००. हातात ४,५००. आता नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट. तो ५० टक्क्यांवर असेल तर क्लेमनंतर शून्य होतो आणि परत २०, २५, ३५, ४५ असा चढत ५० वर येतो. दर वर्षीचा फरक मांडला तर ५०, ३०, २५, १५, ५, बेरीज १२५. म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा जो प्रीमियम, बोनस वजा करण्याआधीचा, त्याच्या सव्वापट तुम्ही पाच वर्षांत गमावता. तो ६,००० असेल तर ७,५००. गाडी जुनी होईल तसा प्रीमियम उतरतो म्हणून थोडं कमी धरा. तरी ४,५०० साठी हा सौदा नाही. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारी सोय, असेल तर ७,००० मिळतील आणि काटा मधोमध येईल. बोनस राखणारी जोड घेतली असेल तर तिच्या अटी आधी वाचा. हेडलाइट, कंडेन्सरही गेला असेल तर मात्र विनाकारण खिशातून भरू नका.

इथं थांबा, जाणकाराकडं द्या

एअरबॅगचा दिवा पेटलाय. खाली काही ठिबकतंय. बॉनेट नीट लागत नाही. हेडलाइट हलतो. मागचे पार्किंग सेन्सर उगीच बोंबलतात किंवा गप्प आहेत; त्यांच्यावर जाड रंग बसला तरी असं होतं. आणि गाडीला रडार असेल, म्हणजे समोरच्या गाडीपासून अंतर राखणारी किंवा आरशात बाजूच्या गाडीचा इशारा देणारी सोय, तर त्या भागावर लांबी, टचअप, काहीही स्वतः करू नका. रडार बंपरच्या आरपार बघतं, जाड थर त्याला आंधळं करतो. ते कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचं काम, आणि दुरुस्तीनंतर कॅलिब्रेशन (रडारची नव्यानं जुळवणी) केलं का ते बिलावर बघा.

पुन्हा लागू नये म्हणून लोखंडी गार्ड बसवायचा विचार असेल तर सोडा. डिसेंबर २०१७ मध्येच केंद्रानं राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितलंय, आणि गार्डमुळं धक्का एअरबॅगच्या सेन्सरपर्यंत वेगळ्या तऱ्हेनं पोचतो. कोपऱ्याला डबल टेपनं चिकटणारी रबरी पट्टी बरी.

माझा कोपरा? सध्या त्यावर दोन चरे आणि एक ठिपका आहे. चार पावलांवरून दिसत नाहीत, तोवर मी रंगवणार नाही. पायरीच्या कडेला मात्र गेल्या दिवाळीत पांढरा पट्टा मारला, रात्री हेडलाइटमध्ये चमकतो. वाड्यातल्या आजींना आधी विचारलं. त्या म्हणाल्या, "मार की. पण दर दिवाळीला तूच मारायचास, आणि रांगोळीची जागा सोडून."